सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी कॅम्पर व्हॅन: खिडक्या, इन्सुलेशन आणि बैठक

कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, कशी बनवावी हे सांगणारे बहुतेक व्हिडिओ थंड मुलखातले असतात. आतली ऊब बाहेर जाऊ नये, काचेवर दव साचू नये, सूर्य जितका आत येईल तितका बरा, हा त्यांचा हिशोब. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असतो, तिथे तोच हिशोब उलटा करावा लागतो. इथे गाडीचा शत्रू ऊन आहे आणि ते सगळ्यात सोप्या वाटेने शिरतं ते काचेतून. म्हणून कामाचा क्रम आधी खिडक्या, मग इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), मग बैठक असा ठेवा आणि खिडक्या जेवढ्या लागतील तेवढ्याच ठेवा.

थोडं गणित करून पाहू. मध्यम व्हॅनचं छत साडेतीन बाय पावणेदोन मीटर, म्हणजे सुमारे ६ चौरस मीटर धरा. भर दुपारी गडद रंगाचा पत्रा ७० अंशांच्या घरात जातो. आत ३५ अंश ठेवायचे म्हटले तर नुसत्या पत्र्यातून १,२०० वॅटच्या आसपास उष्णता खाली येते. २५ मिमी एक्सपीएस (टणक फोमचा तक्ता) लावलं की ती सव्वादोनशे वॅटवर येते आणि ५० मिमी लावलं की सव्वाशेवर. आता पश्चिमेला तोंड करून ९० बाय ५० सेमीची एकच साधी काच बसवा. चार-साडेचारच्या उन्हात ती एकटी २०० वॅट आत घेते, म्हणजे ५० मिमीच्या अख्ख्या छतापेक्षा जास्त. अशा चार खिडक्या असतील तर इन्सुलेशनवर केलेला खर्च वाया गेला म्हणून समजा.

खिडकी किती, कुठे आणि कसली

डिलिव्हरी व्हॅन घेतली असेल तर दोन उघडणाऱ्या खिडक्या आणि छतावर एक १२ व्होल्टचा पंखा एवढं पुरतं. दोन्ही खिडक्या एकाच बाजूला नकोत. झोपण्याच्या जागेजवळ एक आणि समोरच्या बाजूला तिरकी दुसरी, म्हणजे रात्री वारा आरपार जातो. इन्सुलेशन जशी उष्णता आत येऊ देत नाही तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. सूर्य मावळल्यावर गाडी मोकळी करता आली नाही, तर मध्यरात्रीपर्यंत ती आतून तापलेलीच राहते. पंख्यासाठी साधारण ३५५ मिमी चौकोनी भोक लागतं. तो पलंगापासून लांबच्या टोकाला बसवा, म्हणजे खिडकीतून आलेली हवा झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाते.

प्रवासी ट्रॅव्हलर घेतली असेल तर प्रश्न वेगळा, कारण तिला काचा आधीच जास्त असतात. नको त्या काचा काढून त्या जागी अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा ४ मिमी एसीपी (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन चिकटाने बसवता येतो. आपत्कालीन दाराची किंवा खिडकीची काच मात्र बंद करायची नाही, ती वाट मोकळीच हवी.

खिडक्यांचे प्रकार तीन. बसला असते तशी रबरी बीडिंगमधली बंद काच स्वस्त, आणि कुठलाही बॉडीवाला ती बसवून देतो. सरकती काच अॅल्युमिनियम फ्रेममध्ये येते, पण अर्धीच उघडते. वरून बिजागरी असलेली दुहेरी अॅक्रिलिकची खिडकी महाग पडते. ती पूर्ण उघडते, हलक्या पावसात उघडी ठेवता येते आणि दोन थरांमधल्या हवेमुळे कमी तापते. सोलापूरसाठी आमचं मत तिसरीच्या बाजूने आहे. फक्त तिच्यावर थिनर किंवा पेट्रोलचा बोळा कधी फिरवू नका, बारीक तडे जातात. धूळ आधी पाण्याने ओघळू द्या आणि मग पुसा, नाहीतर ओरखडे पडतील. सरकती घेतलीच तर खालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं दर पावसाळ्याआधी तारेने साफ करा. काळ्या मातीची धूळ आणि पहिला पाऊस यांचा त्या भोकांत चिखल होतो, मग पाणी बाहेर न जाता आतल्या पॅनेलमागे उतरतं.

कापणं आणि बसवणं

खिडकी हातात आल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका. कागदावरचं माप आणि खरी फ्रेम यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतोच. पुठ्ठ्याचा साचा कापून आतून धरा आणि मागे कुठली रिब (पत्र्याला आतून आधार देणारी पट्टी) येते ते पाहा. बारीक रिब कापावी लागली तर कापण्याआधी चारही बाजूंनी २५ बाय २५ चौकोनी पाइपची चौकट बसवून घ्या. छत पेलणाऱ्या खांबाला हात लावायचाच नाही. खांबाच्या जागी खिडकी येत असेल तर खिडकी सरकवा.

बाहेरून मास्किंग टेप लावून त्यावर रेघ मारा. चारही कोपऱ्यांत रेघेच्या आत १०-१२ मिमीची भोकं पाडा आणि जिगसॉला (वरखाली चालणारी विजेची करवत) इंचाला २४ दात असलेलं लोखंडाचं पातं लावा. जिगसॉच्या तळालाही टेप हवी, नाहीतर रंग खरवडतो. ग्राइंडरने कापू नका. त्याच्या ठिणग्या रंगात आणि काचेत रुतून बसतात, आणि महिनाभरात तिथे तांबूस ठिपके उमटतात. शेवटची बाजू कापताना तुकडा टेपने धरून ठेवा, म्हणजे तो खाली पडताना पत्रा वाकवणार नाही. कड कानशीने घासा, लगेच मेटल प्रायमरचे दोन हात आणि वर रंग द्या. हे वाळेपर्यंत खिडकी बसवायची नाही. घाई बहुतेक इथेच होते. वरून सगळं ठीक दिसतं आणि आतून गंज चालू राहतो.

व्हॅनची भिंत सरळ नसते, हलका बाक असतो. सपाट फ्रेम त्यावर स्क्रूने ओढली की वरच्या आणि खालच्या कडेच्या मधोमध फट राहते आणि गळती तिथूनच होते. आतून डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) पट्टीची चौकट करून तिला बाकाप्रमाणे घासून बसवा. साधं लाकूड ओलाव्याने फुगतं. भिंतीची एकूण जाडी खिडकीच्या क्लॅम्पला (फ्रेम आतून आवळून धरणारी पट्टी) हवी तेवढी भरते का हे याच वेळी तपासा, कारण ती कमी पडली तर क्लॅम्प पकडतच नाही.

क्लॅम्पच्या खिडकीला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) पुरते. चिकटवायच्या काचेला पीयू लागतं. नळीच्या तोंडाला इंग्रजी व्ही आकाराची खाच कापून १० मिमी रुंद, १२ मिमी उंच त्रिकोणी रेघ ओढली तर ३१० मिलीची एक नळी पाच मीटर जाते. ९० बाय ५० च्या खिडकीचा परीघ २.८ मीटर आहे, म्हणजे खिडकीमागे एक नळी धरा. नळीवरचा वाळण्याचा वेळ २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेसाठी लिहिलेला असतो. पीयू हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं. मे महिन्यात इथे उष्णतेने साय लवकर धरते, पण हवा कोरडी असल्यामुळे पोट कच्चं राहतं. काम सकाळी आठच्या आत करा आणि गाडी दोन दिवस हलवू नका. काचेच्या कडेला काळा पट्टा किंवा वरून पट्टी हवीच, कारण उघड्या पीयूला ऊन खातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याजवळ नको, त्याने गंज चढतो. न्यूट्रल मागून घ्या.

पॅनेल लावण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. पाइप खालच्या कडेपासून सुरू करून वर न्या, प्रत्येक कडेवर दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही.

सावली मात्र काचेच्या बाहेरूनच हवी. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात आलेली असते. शेतीच्या दुकानातली ७५ किंवा ९० टक्के शेडनेट कापून, कडा शिवून, चुंबकांनी लावली तरी मोठा फरक पडतो. काळी फिल्म हा उपाय नाही. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्यातून ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे.

इन्सुलेशन

सगळ्यात स्वस्त थर म्हणजे छताला पांढरा रंग. पत्रा ७० ऐवजी ५०-५५ अंशांवर थांबला तर आत येणारी उष्णता निम्म्यावर येते. आधी तो, मग बाकीचं.

छताला ५० मिमी एक्सपीएस, भिंतींना १९ मिमी नायट्राइल रबर शीट, जमिनीला १०-१२ मिमी एक्सएलपीई (पॉलिथिनचा दाट फोम), हा मेळ इथे चालतो. एसीच्या डक्टला गुंडाळतात तीच नायट्राइल शीट. ती वाकते, त्यामुळे भिंतीच्या खाचाखोचांत बसते. एक्सपीएसचा तक्ता १.२५ बाय ०.६ मीटरचा मिळतो, म्हणजे छताला आठ लागतात. तुकडे वाया जातात म्हणून नऊ आणा. भिंती आणि दारं मिळून १२-१३ चौरस मीटर धरा.

ग्लासवूल आणि रॉकवूल भिंतीसाठी नकोच. रस्त्याच्या हादऱ्याने ते खाली बसतं, वरचा भाग रिकामा होतो आणि ओल धरली की सुकत नाही. शीतगृहाला मारतात तो फवाऱ्याचा पफ (पीयू फोम) उष्णता उत्तम अडवतो, पण फुगताना पातळ पत्र्याला बाक आणतो. पुढे डेंटिंगचं काम निघालं की तो खरवडून काढावा लागतो. दारांच्या पोकळीत फोमचा डबा रिकामा करणं तर उघड चूक आहे. तळातली पाणी निघायची भोकं बुजतात आणि दार आतून कुजतं.

चांदीच्या कागदाबद्दल मोठा गैरसमज आहे. तो परावर्तन करतो हे खरं, पण पुढे दोनेक सेंटीमीटर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला किंवा प्लायला चिकटवला की तो नुसता धातूचा थर.

चिकट निवडताना दोनदा विचार करा. सुतार वापरतात ते एसआर (सिंथेटिक रबर) जातीचं पिवळसर चिकट एक्सपीएस आणि थर्माकोलला विरघळवतं. तासाभराने तक्ता उचलून पाहिला तर खाली खड्डे. एक्सपीएसला पीयू चिकट वापरा, नायट्राइलला त्याचं स्वतःचं. शिवाय छताचा तक्ता केवळ चिकटावर सोडू नका. मे महिन्यात चिकट मऊ पडतं आणि तक्ता डोक्यावर येतो. रिबला रिव्हेट नट (पत्र्यात पक्के बसणारे आटेदार नट) मारून आडव्या पट्ट्या बसवा, त्याच पुढे छताचं पॅनेलही धरतात. आवाज कमी करायचे चिकट पॅचही ब्युटाइलचे घ्या. डांबरी पॅच इथल्या उन्हात वास मारतात आणि ओघळतात. पत्र्याचा पाव भाग झाकला तरी थरथर थांबते.

रिब विसरू नका. त्यांच्यामधल्या जागेत ५० मिमी भरलं आणि रिब उघडी राहिली, तर उष्णता तिच्यातूनच चालत येते. त्यावर ९ मिमी नायट्राइलची पट्टी चढवून मग पॅनेल. वायरींचे पाइप आधीच टाका. सायलेन्सरच्या वरच्या भागात जमिनीखालून फोम चिकटवू नका, तिथे कंपनीची उष्णतारोधक पत्री असते तशीच राहू द्या.

कूलरबद्दल एक सांगायला हवं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छोटा कूलर चांगला चालतो, पण खिडकी चार बोटं उघडी असली तरच. जुलैत तोच कूलर गाडीत दमटपणा भरतो, मग अंथरुणं ओलसर लागतात.

बैठक

चालत्या गाडीत बसायची जागा आणि मुक्कामी बसायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालत्या गाडीसाठी कंपनीची, तीन बिंदूंच्या पट्ट्याची, पुढे तोंड असलेली सीटच हवी, तिच्या मूळ जागेवर, मूळ बोल्टांवर. प्लायच्या पेटीला पट्टा जोडून समाधान मानू नका. जोराचा ब्रेक लागला की पेटी, माणूस आणि पट्टा तिन्ही पुढे जातात. आडव्या बाकावर गाडी चालताना कोणी बसू नये.

मुक्कामाच्या बाकाची उंची गादीसकट ४२ ते ४५ सेमी, खोली ५० सेमी. समोरासमोर दोन बाक आणि मध्ये खाली उतरणारं टेबल असेल तर १२० सेमी रुंद, १८५-१९० सेमी लांब बिछाना होतो. सांगाडा २५ बाय २५ बाय २ मिमी पाइपचा, मीटरला सुमारे दीड किलो. वर १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) प्लाय. आठ बाय चारची १२ मिमीची शीट २३ किलोच्या आसपास भरते, १८ मिमीची ३५. सुतार सवयीने १८ मिमी सुचवतो. घरातल्या पलंगाला ते ठीक, इथे प्रत्येक शीटमागे १२ किलो फुकट वाहायचे. झोपायच्या भागात अख्ख्या प्लायऐवजी पट्ट्या घाला आणि मध्ये ६-७ सेमी अंतर ठेवा, गादीखाली घाम साचत नाही.

गादीला एकाच जातीचा फोम घेऊ नका. खाली ५० मिमी रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला), वर ५० मिमी ४० डेन्सिटीचा एचआर (जास्त लवचीक) फोम. नुसता ३२ डेन्सिटीचा १०० मिमी फोम दुकानात बोटाने दाबला तर छान वाटतो, पण वर्षभरात बसायच्या जागी खड्डा पडतो. कव्हर रेक्झिनचं नको, घामाने अंगाला चिकटतं. इथे सोलापुरी चादर असताना दुसरं कापड शोधायचं कारण नाही. फक्त शिवण्याआधी ती एकदा धुऊन वाळवा, सुती कापड आटतं. चेन मागच्या लांब बाजूला पूर्ण लांबीची ठेवा, म्हणजे फोम न दुमडता निघतो.

आरटीओ आणि काटा

आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलतील असा कुठलाही फेरफार, सीटची संख्या धरून, परवानगीशिवाय करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठी आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पत्रा कापण्याआधी आरटीओत जाऊन बोला. नंतर गेलात तर पासिंगला अडकाल आणि विमा कंपनीलाही हात वर करायला कारण मिळेल.

काम सुरू करण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या, आणि सगळं बसवून, पाण्याची टाकी भरून पुन्हा न्या. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेत असून भागत नाही. पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर असं एकदा, मग उलट एकदा, असं दोन्ही आसांचं वेगळं वजन घ्या. टाकी, बॅटरी आणि पलंग सगळं मागे गेलेलं असतं, त्यामुळे मागचा आस आधी भरतो. तसं झालं तर टाकी पुढच्या सीटच्या मागे आणा.