आधी विग काढा, मग किंमत सांगा

न्यूरेंबर्गहून झोनेबर्गला जाऊ म्हटलं तर नवरा म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब बाहुल्या बघायला?" कोबुर्ग येईपर्यंत स्वारी गप्पच. त्यापुढे पूर्वी पूर्व-पश्चिम जर्मनीची सरहद्द होती. युद्धानंतर बंद पडलेला हा लोहमार्ग १९९१ साली पुन्हा सुरू झाला, हे सांगितल्यावर मात्र साहेब खुलले. बाहुल्या नाही तर नाही, निदान रुळांत तरी रस आला.

झोनेबर्गचं खेळणी संग्रहालय १९०१ सालचं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. १९१० च्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी गावाने केलेला जत्रेचा मोठा देखावा इथे आहे, आणि गर्दी त्याच्याभोवतीच होती. छान आहे. पण मी अडकले ती बाहुल्या करणाऱ्यांच्या कहाणीत. पहिल्या महायुद्धाआधी इथली खेळणी जगभर जायची आणि ती बनायची बरीचशी घराघरांत. एका घरी नुसते हातपाय, दुसऱ्या घरी केस, तिसरीकडे कपडे. काचेचे डोळे जवळच्या लाउशा गावातले. पोरंही कामाला जुंपलेली. तयार माल पाठीवरच्या टोपलीत भरून बायका व्यापाऱ्याकडे पोचवायच्या. भाव अर्थातच व्यापारी ठरवणार. हे वाचून झाल्यावर कपाटातल्या गुलाबी गालांकडे पूर्वीसारखं कौतुकाने बघवेना.

बाकीचं गाव आम्ही तासाभरात उरकलं. जेवणाबद्दल न बोललेलं बरं. शाकाहारी म्हटल्यावर बटाटा आला, आणि त्याच्यासोबत पुन्हा बटाटा.

खरी मजा परतीच्या वाटेवर एका जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. मालकाने बाहुली दाखवली. उघडे ओठ, चार दात, निळे डोळे. "अतिदुर्मीळ," तो म्हणाला आणि किंमत अशी सांगितली की नवऱ्याने खिशावर हात ठेवला. तेवढ्यात दुकानात शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी मालकाला न विचारताच बाहुलीचा विग उचलला. खाली पुठ्ठ्याची टोपी, तीही काढली. डोकं वरून उघडंच असतं, कारण डोळे आतून बसवायचे असतात. पापण्या मिटणाऱ्या डोळ्यांना मागे शिशाचं वजन लावलेलं असतं. बाहुली आडवी केली की ते वजन डोळे फिरवतं.

आजींनी मला आतून बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत. म्हणजे प्लास्टरच्या साच्यात पातळ चिनीमाती ओतून केलेलं डोकं. त्याआधीची डोकी माती साच्यात दाबून करत, ती आतून खडबडीत लागतात. मग गालावरून बोट फिरवलं. इथे झिलई नाही. बिस्क म्हणतात ते हेच. एकदा भाजायचं, घासायचं, रंगवायचं आणि कमी आचेवर पुन्हा भाजायचं. रंग भाजून पक्का झालेला, म्हणून शंभर वर्षांनीही गाल ताजे. भुवया मात्र हातानेच काढलेल्या, एकेक केस वेगळा. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सराईत हाताकडेच देतात, तसंच इथेही असणार.

मानेवर मागे कोरलेलं होतं: कारखानदार आर्माँ मार्सेयचं नाव, ३९० हा आकडा, आणि देशाचं नाव. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे ही त्यानंतरचीच असावी. आजी हसायलाच लागल्या. मार्सेयचा कारखाना झोनेबर्गला लागूनच, क्योपेल्सडोर्फला होता. ३९० हा त्याचा सर्वांत जास्त खपलेला साचा. कितीतरी वर्षं तो चालू होता, त्यामुळे आजही बाजारात ढिगाने मिळतो. दुर्मीळ कसला डोंबलाचा!

मग त्यांनी पर्समधून छोटी बॅटरी काढली आणि डोक्यात प्रकाश टाकला. अख्खं डोकं आतून नारिंगी उजळलं आणि कपाळापासून कानाकडे गेलेली केसाएवढी काळी रेघ दिसली. बाहेरून कितीही बघा, पत्ता लागत नव्हता. संग्राहकांच्या लेखी अशा रेघेने किंमत धाडकन उतरते. मालक म्हणाला, ही भट्टीतलीच खूण असेल. आजींनी टोपी बसवली, विग घातला आणि बाहुली त्याच्या हातात दिली.

फुलझाडांच्या बाजारात घासाघीस करणारी मी, इथे मात्र निम्म्या किमतीत भेगेसकट घ्यायला एका पायावर तयार होते. तसं विचारलंसुद्धा. मालक म्हणाला, ही संग्राहकांची वस्तू आहे, खेळणं नव्हे. म्हटलं, मग काचेत ठेव बाबा तुझं कौतुक. नवरा मात्र भलताच खूश. येताना कोबुर्गला कॉफी त्यानेच पाजली.