मोठ्या कंपनीची ऑफर आणि साठ दिवसांचा हिशेब

इथल्या एका मोठ्या टेक कंपनीने मला दिलेली ऑफर मी नाकारली, ही बातमी घरी पोचल्यापासून मिरजेच्या मामांपासून पुण्यातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न आहे: का? फोनवर हे नीट सांगता येत नाही. पाच मिनिटं बोलून झालं की समोरून येतं, "पण पॅकेज तर दुप्पट होतं ना?" म्हणून सविस्तर लिहिते. पुण्या-हैदराबादहून इकडे यायच्या तयारीत असलेल्यांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही याचा उपयोग होईल.

आम्ही अमेरिकेत सिएटलजवळ राहतो, लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला. या भागात मोठी कंपनी टाळून रस्त्याने जाताही येत नाही. रेडमंडला मायक्रोसॉफ्ट, कर्कलंडला गूगल, बेलव्ह्यूच्या मध्यावर अॅमेझॉनचे टॉवर, तिथून जवळच मेटा. मुलीच्या डेकेअरच्या दारात भेटणारे निम्मे आईबाप यांपैकी कुठेतरी असतात. मी मात्र एका छोट्या कंपनीत आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने येतात, ते कुठून आले, कुठे पोचले, कुठे अडकले याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. माणसं थोडी, काम भरपूर. एखाद्या लॅबमध्ये काही बिघडलं तर तिथल्या बाई थेट मला फोन करतात. हे काम मला मनापासून आवडतं.

आधी त्या दुपटीबद्दल. ऑफर लेटरमधला मोठा आकडा म्हणजे पगार नव्हे. त्यात तीन भाग असतात: मूळ पगार, सही केल्यावर मिळणारा बोनस आणि कंपनीचे शेअर्स, म्हणजे आरएसयू. माझ्या ऑफरमधला मूळ पगार आताच्यापेक्षा साधारण वीस टक्के जास्त होता, बस्स. बोनस एकदाच मिळणार होता आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागणार होता. उरलेली सगळी रक्कम शेअर्समध्ये होती. हे शेअर्स चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात येतात, आणि काही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या आत बाहेर पडलात तर एकही मिळत नाही. अॅमेझॉनची तर अनेक वर्षं पद्धतच अशी होती की पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि शेवटच्या दोन वर्षांत ४०-४० टक्के. मधल्या काळात भावाचं काय होईल ते कुणाच्या हातात नसतं. २०२२ या एका वर्षात मेटाचा शेअर सुमारे ६४ टक्क्यांनी आणि अॅमेझॉनचा जवळजवळ निम्म्याने पडला. ज्यांनी २०२१ च्या भावावर घराचं गणित मांडलं होतं त्यांची त्या वर्षातली अवस्था मी जवळून पाहिली आहे. नंतर भाव पुन्हा चढले, आणि जे टिकले त्यांचं भलं झालं. पण टिकणं हीच तर गोष्ट आहे.

पैशाचा मोह नव्हता असं मी म्हणणार नाही. मिरजेच्या घराचं कर्ज फिटलं असतं. बाबांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला कुणाकडे बघावं लागलं नसतं. डेकेअरला महिन्याला अडीच हजार डॉलर जातात, तेव्हा वाढीव वीस टक्केही छोटे नाहीत.

आता ग्रीन कार्ड. "मोठ्या कंपनीत गेलीस की ग्रीन कार्ड लवकर मिळेल" असं मावशी म्हणाली, आणि असं मानणारे पुष्कळ आहेत. कंपनी मोठी असल्याने रांग पुढे सरकत नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, त्यात नवराबायको-मुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाचा वाटा साधारणपणे ७ टक्क्यांवर थांबतो. अर्ज करणाऱ्यांत भारतीय इतके, की २०२५ च्या उन्हाळ्यात ईबी-२ गटात, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटात, आपल्यासाठीची तारीख १ जानेवारी २०१३ वर होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर आला होता. माझी रांगेत लागल्याची तारीख २०१७ ची आहे. मी छोट्या कंपनीत असले काय, मोठ्या कंपनीत असले काय, माझ्या पुढची माणसं तेवढीच.

याची एक चांगली बाजूही आहे आणि ती इकडे येऊन वर्षं झालेल्यांनाही कधीकधी माहीत नसते. तुमचा आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने तो नंतर मागे घेतला तरी रांगेतली तुमची तारीख तुमचीच राहते आणि एरवी सहा वर्षांत संपणाऱ्या एच-१बी ची, म्हणजे इथे नोकरी करायच्या व्हिसाची, मुदत त्यानंतरही वाढवून मिळू शकते. नव्या कंपनीला पुन्हा लेबर सर्टिफिकेशन (या जागेसाठी इथला माणूस मिळाला नाही, हे सरकारकडून मंजूर करून घेणं), ज्याला सगळे पर्म म्हणतात, आणि नवा आय-१४० करावा लागतो. त्याला दोनेक वर्षं सहज जातात, पण रांगच एवढी लांब असताना त्याची घाई नसते. म्हणजे माझा आय-१४० झालेला असल्यामुळे मी कागदोपत्री मोकळी होते. "व्हिसामुळे अडकलीस" ही बाबांची समजूत पूर्ण खरी नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागल्याची बातमी आली तेव्हा ते रात्रभर झोपले नव्हते. इथेच राहून, इथल्या इथे कंपनी बदलणाऱ्यांना ते शुल्क नाही, हे स्पष्ट व्हायला पुढचा महिना उजाडला.

माझं घोडं अडलं ते साठ दिवसांपाशी.

एच-१बी वरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. हा नियम २०१७ पासून आहे. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने तुमचा अर्ज भरला पाहिजे, किंवा तुम्ही दुसऱ्या कुठल्या व्हिसासाठी अर्ज केला पाहिजे, नाहीतर सामान बांधायचं. आता हे बघा: याच ऑफरसाठी रिक्रूटरच्या पहिल्या फोनपासून शेवटच्या पत्रापर्यंत दोन महिन्यांहून जास्त गेले. आधी ऑनलाइन कोडिंग, मग दिवसभराच्या मुलाखती, मग टीम जुळवणं, मग कोणत्या लेव्हलवर घ्यायचं यावर त्यांची आपापसातली चर्चा. आणि हे सगळं माझी नोकरी शाबूत असताना, निवांत चाललं होतं. हातात नोकरी नसताना, आपल्याबरोबरच काढलेले हजारो लोक त्याच गावात त्याच जागांसाठी धावत असताना, साठ दिवस म्हणजे काहीच नाहीत.

आमच्या घरात हे साठ दिवस दोघांचे आहेत. नवरा एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. माझा आय-१४० मंजूर असल्याने त्याला काम करायचा परवाना, ईएडी, मिळालेला आहे. २०१५ पासून ही सोय आहे. तो इथल्या शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करतो आणि त्या कामाने त्याला पुन्हा उभं केलं आहे. परवान्याची वाट बघत घरी बसलेली वर्षं त्याने कशी काढली ते मला माहीत आहे. माझी नोकरी गेली तर त्याचा परवानाही धोक्यात येतो. एक पत्र आणि दोन्ही पगार बंद. त्यात ३० ऑक्टोबर २०२५ पासून नियम आणखी कडक झाला: त्यानंतर नूतनीकरणाचा अर्ज भरला तर तो प्रलंबित असताना जुन्या परवान्याची मुदत आता आपोआप वाढत नाही. हे सगळं "पॅकेज"मध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?

मोठी कंपनी म्हणजे सरकारी नोकरीसारखी पक्की, असं आपल्याकडे अजून वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,०००, गूगलने १२,००० आणि अॅमेझॉनने एकूण १८,००० माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये मे महिन्यात सुमारे ६,००० आणि जुलैमध्ये सुमारे ९,००० जणांना काढलं. अॅमेझॉनने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे १४,००० जागा कमी केल्या. अॅमेझॉनचं २०२२ चं वर्ष सोडलं तर यांतली एकही कंपनी तेव्हा तोट्यात नव्हती. आणि माणसं काढली की पर्मही अडतं, कारण त्याच भागात तशाच कामावरून कुणाला काढलं असेल तर पुढचे सहा महिने आधी त्या काढलेल्या लोकांचा विचार केला हे कंपनीला दाखवावं लागतं. २०२३ मध्ये गूगल आणि अॅमेझॉनने पर्मचे नवे अर्ज थांबवले होते ते अशाच वातावरणात.

छोटी कंपनी बुडू शकत नाही का? शकते. उद्या दोन मोठी हॉस्पिटलं सोडून गेली तर आमचंही अवघड होईल. फरक एवढाच की मला ते आधी दिसेल. आमची गिऱ्हाईकं किती, बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत, हे मालक दर तिमाहीला सगळ्यांना सांगतात. मोठ्या कंपनीत चांगलं काम करणाऱ्या माणसालाही आपल्या टीमचं नाव कुठल्या यादीत आहे ते पहाटेच्या ईमेलपर्यंत कळत नाही. अशी ईमेल आलेल्या मैत्रिणीच्या घरी मी बसलेली आहे. तिच्या कामात काहीही कमी नव्हतं.

म्हणून मी कंपनीचं नाव बाजूला ठेवून टीमबद्दल विचारायला सुरुवात केली. माणूस कंपनीत नोकरी करत नाही, एका टीममध्ये आणि एका मॅनेजरच्या हाताखाली करतो, हे माझं ठाम मत झालं आहे. होणाऱ्या मॅनेजरना मी सरळ विचारलं: टीम किती जुनी आहे? तुमचं काम आज कोण वापरतं? गेल्या दोन वर्षांत किती जण गेले? पेजर, म्हणजे रात्री-अपरात्रीचे बिघाड सांभाळायची पाळी, कितव्या आठवड्याला येतो? ते सभ्य होते, खरं बोलले. टीम नवी होती. उत्पादन अजून बाजारात यायचं होतं. ते स्वतः तिथे येऊन काही महिनेच झाले होते. पर्मबद्दल एचआरचं उत्तर होतं, वर्ष पूर्ण झाल्यावर बघू. शिवाय मला एक लेव्हल खाली घेत होते, त्याचं दुःख मात्र मला फारसं नव्हतं.

नव्या, अजून काही न कमावलेल्या टीमवर सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते. मी एकटी असते, किंवा नवऱ्याचा स्वतःचा एच-१बी असता, तर गेले असते. त्याचा एच-१बी असता तर माझी नोकरी गेली तरी मी एच-४ वर जाऊ शकले असते, आणि चार वर्षं टिकले असते तर कर्ज फिटलं असतं. ज्यांचं तसं आहे त्यांनी माझं ऐकून घाबरू नये. ज्यांचा आय-१४० अजून झालेलाच नाही, त्यांचं गणित तर पूर्ण वेगळं. त्यांनी आधी कुठे ते लवकर आणि नक्की होईल तेच पाहावं, पगार नंतर.

मी रिक्रूटरला नाही म्हणाले, पण त्या कंपनीला नाही म्हटलेलं नाही. जुनं, लोक रोज वापरतात असं काही सांभाळणारी टीम असेल तर पुन्हा बोलू, असं लिहिलं आणि त्यांनीही ते मनावर घेतलं.

आमच्या मालकांना मी ऑफरबद्दल आधीच सांगितलं होतं. एवढे पैसे देणं त्यांना शक्य नव्हतं आणि मी तसं मागितलंही नाही. मागितलं ते वेगळंच: एच-१बी ची मुदतवाढ संपायच्या सहा महिने आधी, म्हणजे नियमाने जितक्या लवकर भरता येते तितक्या लवकर भरायची, प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे लवकर निकाल लागेल आणि नवऱ्याच्या परवान्यात खंड पडायची शक्यता कमी होईल. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वकिलांना कळवलं. थोडी पगारवाढही दिली. कर्ज आणखी काही वर्षं चालेल. बाबांच्या पहिल्या गुडघ्याचे पैसे मी बाजूला काढले आहेत. मामांना विनंती आहे की सांगलीच्या डॉक्टरांची तारीख दिवाळीनंतरची घ्यावी, तेव्हा मी तिथे असेन.