नीटच्या दुसऱ्या वर्षी अभ्यासापेक्षा एका कागदाने जास्त रडवलं

२०२२ च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत माझी जात पडताळणीची फाईल एका कपाटात नुसती पडून होती आणि आम्ही इकडे ठाण्यात ‘काम चालू असेल’ म्हणून निर्धास्त होतो. आज मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तरी ते तीन महिने आठवले की डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसले. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही आणि आता पुन्हा नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा, द्यायची ठरवलीय, अशा मुलामुलींसाठी हे आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांसाठी.

आम्ही कळव्याला राहतो. १७ जुलै २०२२ ला परीक्षा झाली, ७ सप्टेंबरला निकाल लागला. ७२० पैकी ५०६. त्या वर्षी खुल्या गटाची पात्रता ११७ गुणांवर होती, त्यामुळे नातेवाईकांचे फोन यायचे, “पास झाली ना पोरगी, मग ॲडमिशन का नाही?” पात्र ठरणं वेगळं आणि सरकारी कॉलेजात सीट मिळणं वेगळं, हे समजावता समजावता आई थकली.

आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसी. जातीचा दाखला दहावीतच काढून ठेवला होता. नव्हतं ते जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला खरा आहे असं पडताळणी समितीने दिलेलं प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. त्यासाठी खरं तर अकरावीतच अर्ज करायचा असतो. आमची अकरावी कोविडमुळे मोबाईलवरच झाली. कॉलेजकडून कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. राज्याच्या कोट्यात ओबीसीच्या जागेवर हक्क सांगायचा तर व्हॅलिडिटी लागते. ती नाही म्हणून मला खुल्या गटात धरलं गेलं. ५०६ ला खुल्यातून सरकारी सीट मिळाली नाही आणि खाजगी कॉलेजची फी बाबांच्या पगारात बसणारी नव्हती. ओबीसीतून शेवटच्या फेरीत तरी काही हाती लागलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही.

पुन्हा परीक्षा द्यायचं ठरलं तेव्हा घरात फार चर्चा झाली नाही. नीट कितीदाही देता येते, कमाल वयाची अटही २०२२ मध्येच काढून टाकलीय. प्रश्न एका वर्षाचाच होता.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. माझं फिजिक्स कच्चं होतं, १८० पैकी ८४. बायोलॉजीत २९८ होते, म्हणून पहिल्या वर्षी मी बायोलॉजीच घोकत बसायचे, कारण ते येत होतं. दुसऱ्या वर्षी सकाळचे चार तास फक्त फिजिक्स. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत, आणि तो का चुकला ते एका ओळीत: सूत्र आठवलं नाही, एकक चुकलं, की घाई केली. डिसेंबरपर्यंत लक्षात आलं की निम्म्या चुका घाईच्याच आहेत. सराव पेपर दुपारी दोन ते पाच वीस याच वेळात सोडवायचे, कारण तेव्हा परीक्षेची वेळ तीच होती. जेवून दोन वाजता डोकं चालायला लागणं हीसुद्धा सवयीचीच गोष्ट आहे. अभ्यासाचं एवढंच. तो माझ्या हातात होता.

जे हातात नव्हतं त्याचं आता सांगते.

व्हॅलिडिटीचा अर्ज आम्हाला ठाण्यात करता येत नव्हता. ज्या जिल्ह्याचा जातीचा दाखला, त्याच जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जावं लागतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुटुंब कुठे राहत होतं ते बघतात, आणि तेव्हा आमचे आजोबा कोकणात गावी होते. म्हणून दाखला गावचा आणि समितीही तिकडचीच. निकालानंतर घाईघाईने एका सायबर कॅफेतून अर्ज भरला. वंशावळ, नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं, आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, माझी कागदपत्रं, सगळं लावलं. बाबांनी एक दिवस रजा टाकून कागदांचा संच तिकडे नेऊन दिला, पोचपावती घेऊन आले. ती पावती आईने देवघराच्या खणात ठेवली.

त्यानंतर शुकशुकाट. पावतीवरच्या नंबरला फोन लागायचा, कुणी उचलायचं नाही. ऑनलाइन बघितलं तर अर्ज ‘प्रक्रियेत’. आम्ही साधी माणसं. सरकारी काम म्हणजे वेळ लागायचाच, असं धरून चाललो.

जानेवारीत बाबा म्हणाले, “मी जाऊनच येतो.” मध्यरात्रीनंतर ठाण्याला येणारी कोकणातली तुतारी एक्सप्रेस पकडून ते गेले. सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभे. खिडकीवरच्या ताईंनी अर्ज क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, “काका, तुम्हाला तर ऑक्टोबरातच त्रुटी कळवलीय. पूर्तता केली नाहीत, म्हणून फाईल बाजूला ठेवलीय.” बाबांनी विचारलं, कुणाला कळवलीत? अर्जावरचा ई-मेल त्या कॅफेवाल्याचा होता. मोबाईल नंबरही त्याचाच. दिवसाला पन्नास अर्ज भरणाऱ्या दुकानात आमचा मेल कुठे गडप झाला असेल देव जाणे.

बाबांचा फोन आला तेव्हा मी सराव पेपर देत होते. रडू आलं नाही, संताप आला. एका कागदासाठी एका मुलीचं वर्ष अडून आहे, आणि तीन महिन्यांत एक साधा फोन करावा असं कुणालाच वाटलं नाही. कॅफेवाल्यालाही नाही, कार्यालयालाही नाही. आणि आमची चूक म्हणजे आम्ही नुसती वाट बघितली. अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांनी एक फेरी मारली असती तर हे ऑक्टोबरातच कळलं असतं. कुणी कितीही सांगो, अर्जावर ई-मेल आणि मोबाईल स्वतःचाच टाका, आणि सबमिट करण्याआधी तेवढ्या दोन रकान्यांवर बोट ठेवून वाचा.

त्रुटी होती ती आजोबांच्या नावाची. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९४४ सालची नोंद: राघो धोंडू, जात कुणबी. आडनाव नाही, तेव्हा बऱ्याच नोंदींत ते नसायचंच. आणि बाबांच्या दाखल्यावर वडिलांचं नाव रघुनाथ. गावात कुणालाही विचारा, राघो म्हणजेच रघुनाथ. पण समितीला कागद हवा होता. राघो आणि रघुनाथ ही एकच व्यक्ती, हे कुठे लिहिलंय ते दाखवा.

ते दाखवायला आम्हाला सात आठवडे लागले. आधी शाळेत गेलो. मुख्याध्यापक चांगले होते, जुनं रजिस्टर काढून त्यांनी समोर ठेवलं, पण त्यात जे नाही ते कुठून देणार? गाव नमुना १४ मधून आजोबांच्या जन्माची नोंद शोधली. त्या वर्षाची पानंच वाळवीने खाल्लेली. काका म्हणाले, सरपंचांचं पत्र आणू या. आणलं, चाललं नाही. हे वाचणाऱ्यांनी तो वेळ वाया घालवू नका, आजच्या तारखेच्या पत्राला तिथे फारसं वजन नसतं, जुनी नोंदच लागते.

वाट दाखवली ती खिडकीवरच्या त्याच ताईंनी. ज्या कार्यालयावर माझा एवढा राग आहे तिथल्याच त्या, म्हणून हे आवर्जून लिहिते. त्या बाबांना म्हणाल्या, “काका, जमीन आहे ना थोडीफार? मग तुमचे आजोबा गेल्यावर वारस लागले असतील. तो फेरफार काढा.”

फेब्रुवारीच्या शेवटी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधून तो फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याची नोंद, मिळाला. मी त्या दिवशी बाबांबरोबर होते. पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटलेला, मागून कुणीतरी पातळ कागद चिकटवलेला. साल १९५८. शाई तपकिरी झालेली आणि अक्षर इतकं तिरकं की बाबांना लागेना, मी मोबाईलचा टॉर्च धरून वाचलं. पणजोबा मयत, वारस मुलगे तीन. त्यात दुसरं नाव: ‘राघो ऊर्फ रघुनाथ धोंडू’, आणि पुढे आमचं आडनाव.

ऊर्फ. त्या तलाठ्याने पासष्ट वर्षांपूर्वी तेवढा शब्द लिहायचा कंटाळा केला असता तर मी आज काय करत असते, माहीत नाही. बाबा तो शब्द बोटाने पुन्हा पुन्हा दाखवत होते. आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यांचं अक्षरसुद्धा आमच्याकडे नाही.

साक्षांकित प्रत जोडून पूर्तता केली. तरी संपलं नाही. प्रकरण दक्षता पथकाकडे गेलं, म्हणजे गृहचौकशी आणि शालेय चौकशी. चौकशीला माणूस गावी आला तेव्हा आमचं घर बंद होतं, अर्थात, आम्ही ठाण्यात राहतो. शेजारच्या घरातून काकी धावत गेल्या म्हणून निभावलं, नाहीतर पुन्हा फेरी. तुमचंही गावचं घर बंद असेल तर शेजारी-भावकीत आधीच सांगून ठेवा आणि कागदांचा एक संच तिथे द्या.

१३ एप्रिलला सुनावणी. परीक्षेला चोवीस दिवस. पुन्हा तुतारी. वरच्या बर्थवर मी चुकांची वही वाचत होते आणि खाली बाबा फाईल उशाशी घेऊन जागेच. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, आजोबा काय करायचे, नातेवाईक कुठल्या गावांत. मी उत्तरं दिली. बाहेर आल्यावर बाबा जिन्यातच बसले आणि पाणी प्यायले. त्या एका कागदासाठी त्यांच्या नऊ रजा गेल्या, त्यातल्या चार बिनपगारी.

७ मे २०२३ ला परीक्षा दिली तेव्हाही व्हॅलिडिटी हातात नव्हती. १३ जूनला निकाल आला, ५८३. फिजिक्स १२७. शेजारी पेढे मागत होते आणि आई म्हणत होती, थांबा जरा. २३ जूनला प्रमाणपत्र आलं. त्या दिवशी आईने पेढे वाटले.

जुलैमध्ये नोंदणी केली, ओबीसीतून, आणि विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात नंबर लागला. ५८३ गुण ५०६ पेक्षा बरेच वाटतात, पण गुणांवर भुलू नका. २०२३ मध्ये खुल्या गटाची पात्रताच ११७ वरून १३७ वर गेली होती. सगळ्यांचेच गुण वाढले होते. दोन वर्षांची तुलना करायची तर ती रँकची करा.

आता जे आठवतंय ते सांगते. पहिल्या वर्षी मी ऑल इंडियाच्या, म्हणजे देशभरातल्या मुलांसाठी असलेल्या, १५ टक्के जागांसाठी नोंदणीच केली नव्हती. कुणीतरी म्हणालं, आपल्याला तिथून मिळत नाही. सरकारी कॉलेजांच्या त्या जागांमध्ये २०२१ पासून ओबीसींना २७ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याची व्हॅलिडिटी नाही. ज्यांची व्हॅलिडिटी अडकलीय त्यांनी हे दार सोडू नये.

नॉन क्रिमी लेयर, म्हणजे ओबीसीतल्या उन्नत गटात आपण येत नाही असा दाखला, त्याच्यावरची तारीख बघा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि ड्रॉपच्या, म्हणजे पुन्हा परीक्षेच्या, वर्षात मधोमध ती तारीख येऊ शकते. माझं मागच्या वर्षीचं बाद झालं होतं, नवं वेळेवर काढलं म्हणून त्याचा त्रास झाला नाही.

घराण्यात वडिलांच्या बाजूने कुणाकडेही व्हॅलिडिटी असेल, सख्खे काका, चुलत भाऊ, आत्या, तर ती आधी मागून घ्या आणि वंशावळीत त्यांचं नाव नीट दाखवा. आमच्यात कुणाकडेच नव्हती, सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं. आता माझी आहे. धाकटा भाऊ अकरावीत गेला त्याच महिन्यात त्याचा अर्ज भरला, माझं प्रमाणपत्र जोडून. ई-मेल त्याचा, मोबाईल बाबांचा.

आणि एक राहिलंच. प्रवेश घेताना मूळ कागदपत्रं कॉलेज जमा करून घेतं आणि ती लवकर परत मिळत नाहीत. जाण्याआधी सगळ्याच्या साक्षांकित प्रतींचे चार-पाच संच करा आणि स्कॅन करून ठेवा. आम्ही कळव्यात स्टेशनजवळ झेरॉक्स काढत होतो तेव्हा बाबांनी फेरफाराची एक प्रत जास्त काढून घेतली. समितीला नको होती, कॉलेजलाही नको होती. ती आता आजोबांच्या फोटोमागे आहे.