पंधराची लीड

डॅलस मॅव्हरिक्स, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधली माझी टीम, मागे असले की मी निवांत बघायचो, पुढे गेले की मात्र पोटात गोळा. उलटं वाटेल पण ज्यांनी 2006 आणि 2007 बघितलंय त्यांना विचारा. 2006 च्या फायनलला (सातपैकी चार मॅच जिंकायच्या) मायामीविरुद्ध 2-0 पुढे, तिसऱ्या मॅचला चौथ्या क्वार्टरमध्ये 13 ची लीड, म्हणजे 3-0 अगदी हातात आलेलं, आणि तिथून सलग चार मॅच हरले. पुढच्या वर्षी 67 मॅच जिंकल्या, आमचा स्टार डर्क नोव्हित्स्की एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), आणि प्लेऑफ्सच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्याच राऊंडला आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटने घरी पाठवलं. त्यानंतर डर्क सॉफ्ट आहे, मोठ्या मॅचला गळपटतो वगैरे चार वर्षं ऐकून घेतलं.

म्हणून 2010-11 चा सीझन सुरू झाला तेव्हा कोणी फार मनावर घेतलंच नाही. टायसन चॅन्डलर शार्लटहून आला होता तो चांगला वाटत होता, बाकी आमचा गार्ड जेसन किड 37 चा, मॅरियन उतरणीला लागलेला, आणि जेसन टेरीने तर सीझन सुरू व्हायच्या आधीच दंडावर चॅम्पियनशिप ट्रॉफीचा टॅटू काढून घेतला!! तेव्हा मला वाटलं याचं हसं होणार. सुरुवात जबरदस्त झाली खरी, पण डिसेंबरच्या शेवटी डर्कचा गुडघा दुखावला, तो नव्हता त्या 9 मॅचपैकी 7 हरलो, आणि त्यातच 1 जानेवारीला कॅरन बटलरच्या गुडघ्याचा टेंडन तुटला, त्याचा सीझन तिथेच संपल्यात जमा. तरी 57 जिंकल्या. लीगच्या वेस्ट गटात तिसरा नंबर. ठीक.

मग प्लेऑफ्सच्या पहिल्या राऊंडला पोर्टलंड. चौथी मॅच, तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाकडे 67-44, तेवीसची लीड. आणि त्यांचा ब्रँडन रॉय, ज्याच्या दोन्ही गुडघ्यांचं जानेवारीत ऑपरेशन झालेलं, तो माणूस चौथ्या क्वार्टरमध्ये एकटा 18 पॉइंट मारतो. 84-82. हरलो. सिरीज 2-2. मी त्या दिवशी चिडलोसुद्धा नाही, कारण हे होणार हे मला सत्तावीसची असती तरी माहीतच होतं.

पण नंतर जे झालं ना ते आजही नीट पचलेलं नाही. त्या मॅचनंतर या टीमने 17 पैकी 14 जिंकल्या आणि त्यातल्या सगळ्यात भारी मॅच दुसऱ्यांची लीड खाऊन जिंकल्या. लेकर्सच्या घरी पहिल्या मॅचला 16 ने मागे, जिंकले. (चौथ्या मॅचला तर 122-86, टेरीचे 9 थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट), आमच्याच पेजाचे सहाच्या सहा आत, लेकर्सच्या फिल जॅक्सनची कोच म्हणून शेवटची मॅच ती.) पुढच्या राऊंडला ओक्लाहोमाविरुद्ध चौथ्या मॅचमध्ये पाच मिनिटं बाकी असताना 15 ने मागे, ओव्हरटाइममध्ये जिंकले, डर्कचे 40.

आणि परत फायनल, परत मायामी, आता लेब्रॉन आणि बॉशसकट. पहिली हरलो, वर डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन फाटला. दुसऱ्या मॅचला मायामीच्या वेडने आमच्या बेंचसमोर थ्री मारला, 88-73, आणि हात तसाच वर धरून तिथेच उभा राहिला. सात मिनिटं उरलेली. ही मॅच कधीही परत लावा आणि त्या क्षणापासून फक्त मायामीचा अटॅक बघा. बॉल फिरणं बंद. एक जण ड्रिबल करत घड्याळ संपवतोय, बाकीचे चार उभे, मग लांबून काहीतरी फेकायचं. लीड सांभाळायला गेलं की असंच होतं, आम्ही पोर्टलंडला नेमकं हेच केलं होतं! इकडे डर्कला बॉल मिळाला की दुसरा डिफेंडर धावून येणार, तो आला की टेरी नाहीतर किड मोकळा, नाही आला तर एका पायावर मागे झुकून मारलेला तो शॉट. तिथून पुढे आमचे 22, त्यांचे 5. शेवटची बास्केट डर्कची, बॉशला चकवून आत शिरून लेअप, आणि तोही बोटाला पट्टी बांधलेल्या डाव्या हाताने. 95-93.

चौथ्या मॅचला डर्कला ताप होता, त्याबद्दल सगळेच लिहितात. मला त्या मॅचमधलं आमचा कोच कार्लाइलने छोट्या बरेआला सुरुवातीच्या पाचात उतरवलं ते जास्त आवडतं. सहा फुटांपेक्षा कमी उंचीचा माणूस, फायनलमध्ये, सिरीज 2-1 ने मागे पडलेली असताना! त्यानंतर एकही मॅच हरलो नाही.

सहाव्या मॅचला डर्कचा पहिल्या हाफमध्ये 12 पैकी 1 च शॉट पडला. टेरीने 27 मारून धरून ठेवलं, हो, तोच टॅटूवाला. मग चौथ्या क्वार्टरमध्ये डर्कचे शॉट पडायला लागले आणि आम्ही पुढे, मिनिटभर राहिलं तरी पुढे, आणि मी आपला स्कोअर आणि घड्याळ, स्कोअर आणि घड्याळ. 105-95. संपल्याबरोबर डर्क स्कोअररच्या टेबलावरून टांग टाकून सरळ आत निघून गेला, कोणाला मिठी नाही काही नाही, ट्रॉफी द्यायची होती म्हणून त्याला समजावून बाहेर आणावं लागलं. मी तोपर्यंत अजून घड्याळाकडेच बघत होतो.