नाथसागराच्या काठी, पालथं पडून

पहाटे साडेपाचला गाडी बाहेर काढली तेव्हा नाथांच्या वाड्याकडून टाळांचा आवाज येत होता. माघ संपत आलेला, तरी हवेत गारठा होता. पाठीवर कॅमेऱ्याची सॅक, हँडलला भाकरी-ठेच्याची पिशवी आणि मागच्या सीटला आवळून बांधलेली जुनी सतरंजी. ती बघून कोपऱ्यावरचा चहावाला दर वेळी विचारतो, "मुक्काम का, सर?" मुक्काम नसतो. सतरंजी चिखलाच्या कडेला अंथरायची आणि तिच्यावर पालथं पडायचं, एवढंच तिचं काम.

मी पैठणचा. जायकवाडीची भिंत लहानपणापासून बघत आलोय. जायकवाडी हे नाव खरं तर बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं. धरण आधी तिकडं व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सत्तावीस दरवाजे, जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, आणि तिच्यामागं पसरलेला नाथसागर. १९८६ पासून हे सगळं पक्षी अभयारण्य आहे. कॅमेरा घेतला तेव्हा मलाही भरतपूरला जायचं होतं, कच्छला जायचं होतं. अजून गेलो नाही. रविवार मिळतो, गाडीत शंभर रुपयांचं पेट्रोल असतं, आणि दर रविवारी या काठावर काहीतरी नवं असतंच.

यंदा मात्र फ्लेमिंगोंनी वाट बघायला लावली. त्याचं कारण धरण काठोकाठ भरलं होतं. नाथसागर परातीसारखा आहे, पसरट आणि कडेला उथळ. पाणी थोडं जरी उतरलं तरी लांबच लांब जमीन उघडी पडते. शेतकरी त्या गाळात गहू-हरभरा पेरतात, त्याला आम्ही गाळपेर म्हणतो, आणि त्याच्या पुढं जो चिखल आणि गुडघाभर पाणी राहतं तिथं पक्षी उतरतात. फ्लेमिंगो, म्हणजे मराठीतला रोहित, मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळून खातो. खोल पाण्यात त्याचं पोट भरत नाही. मराठवाड्यातल्या माणसानं धरण भरू नये असं मनातसुद्धा आणायचं नसतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून गप्प बसून वाट बघायची. कालव्यांना पाणी सुटतं, ऊन चढत जातं, आणि पाणी आपोआप काठ सोडतं.

संभाजीनगर रस्त्यावरून डावीकडं एक कच्ची वाट जलाशयाकडं जाते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढं येईल.

उजाडायच्या आत काठावर पोचायचं ठरलं होतं, पण वाटेत भोरड्यांनी, म्हणजे गुलाबी मैनांनी, अडवलं. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं भरलेली, काही हुरड्याच्या पुढं गेलेली. पूर्वेला तांबडं फुटलं आणि मागच्या उसाच्या फडातून एक काळा लोंढा उठला. आधी आवाज आला, जोराच्या सरीसारखा. मग डोक्यावरून हजारो पंख गेले. थवा एकदा डावीकडं कलला, एकदा उजवीकडं; कलताना विरळ व्हायचा, वळताना एकदम गडद. मी गाडी तिथंच सोडली. उडती पाखरं हलू नयेत म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या बाराशेपन्नासाव्या भागावर नेला, अंधुक उजेडासाठी आयएसओ बत्तीसशेवर, आणि कसलाही विचार न करता दाबत राहिलो.

मधल्या वावरात चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर एक आजी उभी होती. डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला, हातात गोफण. तिनं गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. दोरीचा फटकारा असा वाजला की माझ्या हातातला कॅमेरा हलला. थवा फाटला, वर गेला आणि पलीकडच्या शेतात उतरला. तिथं दुसरं कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला लागलं.

"कशाचे फोटो काढायले?" आजीनं वरूनच विचारलं.

"भोरड्यांचे."

"त्यांचे कशाला? माझ्या जवारीचे काढ. खाऊन टाकतील तर फोटोत तरी राहील."

मी माळ्याखाली गेलो. तिनं कणीस हातात दिलं. खालच्या अंगाला दाणे शाबूत होते. वरचं बोटभर टोक रिकामं, नुसती टरफलं. एका सकाळीत थव्यानं अख्खी पट्टी अशी करून ठेवली होती. मी तिला सांगितलं की या भोरड्या मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून येतात, पावसाळ्यातच यायला लागतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. तिकडं पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवतात. चीनमध्ये तर त्यांनी टोळ खावेत म्हणून लोक त्यांच्यासाठी घरटी बांधून देतात.

"मग तिकडंच राहू द्या की त्यांना," आजी म्हणाली आणि पुन्हा गोफणीत खडा भरला.

भोरडीचं अंग फिकट गुलाबी आणि डोकं, पंख, शेपूट काळी. पळस फुलला की ती मध प्यायला त्याच्यावर बसते, तांबड्या फुलांत चोच घालते, म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. माझ्याकडं पळसावरच्या भोरड्यांचे फोटो शंभरावर असतील. त्या सगळ्यांपेक्षा मला त्या दिवशीचा एक फोटो मोलाचा वाटतो. खालच्या कोपऱ्यात आजीचा वर गेलेला हात, गोफणीची दोरी हवेत सरळ ताणलेली, आणि वरचं अख्खं आभाळ पाखरांनी भरलेलं. नुसता भोरडीचा फोटो काढला तर तिची अर्धीच गोष्ट सांगून होते. या मुलखात ती शाळूची आणि राखणाऱ्याचीही आहे.

काठावर पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. गाळपेरीतला हरभरा घाट्यांवर आलेला. त्याच्या पुढं भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ, मग पाणी. पहिलं पाऊल टाकलं आणि टिटवीनं गाव गोळा केला. डोक्यावर घिरट्या घालत तिचं ओरडणं सुरू. मी होतो तिथंच थांबलो आणि खाली बघितलं. अजून तिच्या विणीचे दिवस नव्हते, पण आता ही सवयच लागली आहे.

सवय लागली ती दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात. असाच काठ, असाच गाळ. टिटवी ओरडत होती म्हणून शोधत गेलो आणि मुरमात चार अंडी सापडली. घरटं म्हणजे नुसता खळगा, भोवती खडे. अंड्यांची टोकं सगळी आतल्या बाजूला, रंग मातीचा, त्यावर काळे ठिपके; दोन हातांवरूनही ती खडेच वाटतात. मला हर्ष झाला. लेन्स बदलली, बसून काढले, वरून काढले, ऊन कुठून पडतं बघून पुन्हा काढले. वीस मिनिटं तरी गेली असतील. ऊन चाळीसच्या वर होतं. टिटवी एकदा या बाजूला उतरायची, पंख पाडून लंगडायची, एकदा त्या बाजूला. मला ते सगळं फोटोसारखं दिसत होतं.

शेजारच्या वावरातून एक बाई घागर घेऊन आली. तिनं अंड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अंडी उकडतील की, दादा. तुम्ही हलल्याबिगर ती कशी येईल?"

मी लांब बांधाच्या आड जाऊन बसलो. थोड्या वेळानं टिटवी उतरली, पण अंड्यांकडं आली नाही. पळत पाण्याच्या कडेला गेली, खाली बसली, पोट पाण्यात टेकवलं, अंग हलवून पिसं चिंब भिजवली आणि तशीच पळत येऊन अंड्यांवर बसली. पुन्हा उठली, पुन्हा पाण्याला गेली. अंडी गार ठेवायला ती पोटाच्या पिसांतून पाणी वाहून आणत होती, आणि मी तिची वीस मिनिटं घेतली होती. पुढच्या रविवारी गेलो तर खळगा रिकामा होता. पिल्लं निघाली की कुत्र्यांनी नेली की त्या दुपारीच काही झालं, मला आजवर कळलं नाही. त्या अंड्यांचे फोटो माझ्याकडं आहेत. कुणाला दाखवलेले नाहीत. तेव्हापासून घरट्याचा फोटो काढत नाही आणि जागा सांगत नाही.

आणि तेव्हापासूनच सतरंजी आली. पक्ष्याकडं चालत जायचं नाही. तो जिथं येईल तिथं आधी जाऊन पडायचं आणि थांबायचं.

सतरंजी अंथरली. बायकोनं जुन्या पँटीच्या कापडाची एक थैली शिवून दिली आहे, तिच्यात दीड किलो तांदूळ. तिच्यावर लेन्स टेकवली की हलत नाही आणि नजर थेट पाण्याच्या पातळीला येते. उभ्यानं काढलेल्या फोटोत पक्षी खाली दिसतो. पडून काढला की त्याच्या डोळ्यात बघता येतं. लेन्स सेकंडहँड, १५०-६०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी, झूमची रिंग थोडी घट्ट झालेली. माझी तक्रार नाही.

पहिला अर्धा तास काहीच नाही. मग शेकाट्या आले, लाल काड्यांसारख्या पायांवर, माझ्याकडं बघतही नव्हते. लांबवर चक्रवाकांची दोन जोडपी बसली होती. आणि उजवीकडच्या लव्हाळ्यातून वारकरी निघाले.

वारकरी म्हणजे काळं पाणपाखरू. अंगानं कोंबडीएवढं, डोळे लाल, चोच पांढरी आणि त्या चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढरा टिळा. हे नाव ज्यानं दिलं तो पंढरीच्या वाटेवरचाच कुणीतरी असणार. आमच्याकडं फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते, गोदावरीचं वाळवंट दिंड्यांनी भरून जातं. त्याआधी महिना-दीड महिना हे वारकरी पाण्यावर आलेले असतात, शेकड्यांनी, माना पुढं-मागं करत.

त्यांचा फोटो वाटतो तितका सोपा नाही. पक्षी काळा, म्हणून कॅमेरा आपल्या मनानं उजेड वाढवतो आणि टिळा जळून नुसता पांढरा डाग उरतो. मी एक्स्पोजर एक स्टॉपनं खाली घेतलं, म्हणजे उजेड निम्मा केला. काळा काळाच राहिला, आणि टिळ्याची कड दिसायला लागली. एक वारकरी कळपातून सुटून चिखलावर चढला. चढला तेव्हा त्याचे पाय दिसले. बदकासारखं पडदा जोडलेलं पाऊल नसतं त्याचं. प्रत्येक बोटाला वेगळी झालर, हिरवट राखाडी, पाकळ्या पाकळ्या लावल्यासारखी. तो एकेक पाय उचलून ठेवायचा आणि झालर चिखलावर पसरायची. माझ्यापासून पंधरा फुटांवर आला असेल. मी श्वास धरून होतो. त्यानं मान वाकडी करून लेन्सकडं बघितलं, खाली चोच मारली आणि शेवाळाचा तुकडा ओढला. शटरचा आवाज झाला तेव्हा एकदा थांबला, मग खात राहिला. असं मला कुठल्याच पक्ष्यानं जवळ घेतलं नव्हतं.

मग घार आली आणि सगळा कळप एका दमात पळाला. वारकऱ्याला थेट उडता येत नाही. पाण्यावरून पाय आपटत पळायचं, मग हवेत. शंभरभर वारकरी एकदम धावले तेव्हा पाण्यावर पांढऱ्या ठिणग्यांच्या रेघा उमटल्या. ते फोटो हलले. हलू देत.

नऊ वाजता एक भोई मामा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं काढून काठाला लागले. ओळखीचे आहेत. मी सतरंजीवर पडलेला बघून त्यांना आता काही वाटत नाही.

"सर, ते तुमचे उंच मानेचे आलेत," ते म्हणाले. "बाभळींच्या पल्याड उभेत. कालपासून. तिकडं पाणी उतरलंय."

दोन किलोमीटर चिखल तुडवत गेलो. बाभळींच्या मागं पाणी खरंच उतरलं होतं, आणि लांब, फार लांब, एक फिकट गुलाबी रेघ होती. ऊन तापलं होतं. गाळावरून झळा उठत होत्या आणि त्या झळांत रेघ थरथरत होती, पाय विरघळायचे, पुन्हा जुळायचे. अशा झळांतून कितीही मोठी लेन्स लावा, चित्र मऊच येतं. ओल्या गाळातून आणखी पुढं गेलो असतो तर उठून गेले असते, बहुतेक कालपासूनचं त्यांचं खाणं तसंच टाकून. मी बाभळीच्या सावलीत बसलो, भाकरी सोडली, आणि रेघेचेच दहा-बारा फोटो काढले.

घरी आल्यावर लेकीनं ते लॅपटॉपवर मोठे केले. आजीचा फोटो तिला आवडला, वारकऱ्याच्या पायांपाशी ती बराच वेळ थांबली, पण जास्त वेळ गेला तो रेघेवर. पडद्याला बोट लावून ती मोजत बसली.

"बाबा, हे काही गुलाबी नाहीत."

"ते पोरं आहेत अजून. खाण्यातून रंग येतो, पुरता चढायला काही वर्षं लागतात."

तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजले. त्रेचाळीस. त्यातले अकरा करडे. तिनं वहीत तारीख घातली, खाली आकडा लिहिला, आणि विचारलं की पुढच्या रविवारी सतरंजीवर दोघं मावतील का.