आमची वाटचाल: दोन क्लच प्लेटी आणि एक डावा पाय

२००९ साली कणकवलीत जनरेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा भांडवल म्हणजे एक वेल्डिंग मशीन, एक चेनब्लॉक, भाड्याने द्यायला दोन सेट आणि एक सेकंडहँड बोलेरो पिकअप. लग्न, जत्रा, दशावतार, जिथे दिवे हवेत तिथे आम्ही. पंचवीस केव्हीएचा जनरेटर सेट कॅनोपीसकट, म्हणजे आवाज कोंडणाऱ्या लोखंडी पेटीसकट, टनभर भरतो. तो हौद्यात चढवला की मागचे पाटे बसायचे आणि गाडीचं नाक वर व्हायचं.

गिअर मॅन्युअल घ्यायचा की ऑटोमॅटिक हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. पाच गिअर, एक क्लच, विषय संपला. मालवाहू पिकअप घ्यायला गेलात तर आजही जवळपास तसंच आहे.

प्रश्न पडला तो दुसरी पिकअप आल्यावर. दोन्ही गाड्या सारख्या, माल सारखा, कोल्हापूरला जाताना चढायचा फोंडा घाट तोच. पण एकीची क्लच प्लेट चार वर्षं टिकली आणि दुसरीची वर्षभरात जळायची. प्रत्येक वेळी क्लच सेट, मजुरी आणि वर ऐन सीझनला दोन दिवस गाडी उभी. तिसऱ्यांदा कोल्हापूरला उद्यमनगरात गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा मिस्त्रींनी मला खाली बोलावून फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबून बसते ती इंजिनाची चकती, दाखवलं. त्याच्यावर उष्णतेचे निळे डाग, जागोजाग केसासारख्या चिरा. म्हणाले, "मालक, प्लेट बदलून काय हुतंय? पाय बदला."

मग एकदा मीच त्या गाडीत शेजारी बसून घाटमाथ्यावरच्या दाजीपूरपर्यंत गेलो. पुढे भरलेला ट्रक रांगत होता आणि आमचा गडी चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर, म्हणजे प्लेट घासत ठेवून, गाडी तोलून धरत होता. दहा-दहा मिनिटं! वास आला तर म्हणतो कसा, "पुढच्या ट्रकाचा असंल." त्याला काढला नाही, शिकवला. पुढची प्लेट तीन वर्षं गेली.

२०२२ मध्ये सर्व्हिसचं काम वाढलं. मोबाइल टॉवर, दवाखाने, बर्फाचे कारखाने, आणि फोन हमखास रात्री दोनला. तिघं माणसं आणि हत्यारं नेईल अशी डबल कॅबिन हवी होती. त्यात माझा डावा गुडघा बोलायला लागला होता. टोयोटाची हायलक्स पाहिली. एकाच २.८ लिटर डिझेल इंजिनाला कंपनी मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायची ताकद) देते आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. ऑटोमॅटिक म्हणजे बायकामुलांची गाडी, हे तोवर मीही म्हणायचो. गप्प बसलो. किंमत ऐकून आणखी गप्प बसलो. शेवटी इसुझू व्ही-क्रॉसची ऑटोमॅटिक घेतली, १.९ लिटर, ३६० न्यूटन मीटर, सहा गिअर. पांढऱ्या पाटीची गाडी, त्यामुळे तिच्यात फक्त आमची हत्यारं आणि पार्ट. भाड्याचे सेट पिवळ्या पाटीवरच जातात.

चढाला ही गाडी लोण्यासारखी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नाही, टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल आहे. अर्ध्या क्लचवर घासून जळायला काही नाही, आणि जागेवरून उचलताना तोच कन्व्हर्टर टॉर्क वाढवून देतो. तेल मात्र तापतं, म्हणून ते आम्ही वेळेवर बदलतो.

उताराला पहिल्याच फेरीत धडा मिळाला. दांडा डी वर, म्हणजे गाडी आपणच गिअर बदलते त्या नेहमीच्या मोडवर, सोडून फोंड्यापर्यंत उतरलो. गिअरबॉक्स आपला वरचे गिअर टाकत राहिला आणि मी ब्रेक दाबत राहिलो. खाली पोचेस्तोवर चाकांजवळ हात नेववत नव्हता. आता दाजीपूरलाच दांडा मॅन्युअल मोडला ओढून दुसरा-तिसरा धरतो, म्हणजे इंजिनच गाडी अडवून धरतं. जुने ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरायचे. आमच्याकडे त्याला बंदी आहे. आजचं कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं) इंजिन गिअरमध्ये, पाय उचलून उतरताना डिझेल जवळजवळ घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जळतंच. वाचत काहीच नाही, वर इंजिनाचा ब्रेक जातो.

तरी तिसरी मालवाहू गाडी घेतली ती मॅन्युअलच. पावसाळ्यात आडगावात बॅटरी बसली तर चार माणसं धक्का देऊन मॅन्युअल सुरू करतात. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही, मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढताही येत नाही. आणि क्लचचं काम कणकवलीतला कुणीही मिस्त्री करतो.

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ऑटोमॅटिक बघून म्हणाले होते, "मालकानू, मगे डाव्या पायाक काम काय?" पहिल्याच दिवशी स्टँडसमोर त्यांनी सवयीने क्लच म्हणून डावा पाय जोरात मारला तो रुंद ब्रेकवर. मागे बसलेल्या पोराच्या हातातला चहा थेट डॅशबोर्डवर. तेव्हापासून मामा त्या गाडीत बसले की डावी चप्पल काढतात आणि पाय सीटखाली दुमडून ठेवतात.