स्कॉटलंड रोडवरचे हरवलेले पब

आज लिव्हरपूलच्या स्कॉटलंड रोडवरून पायी गेलो आणि मन भरून आले. १८४० च्या दशकातील दुष्काळातून जीव वाचवून आलेली आयरिश कुटुंबे जिथे दाटीवाटीने राहिली, त्या या रस्त्याच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर एकेकाळी पब होता; कोंदट खोलीत अख्खा संसार मांडलेल्या गोदी कामगाराला घटकाभर टेकायला, चार शब्द बोलायला आणि उद्याच्या कामाची खबर ऐकायला हक्काची जागा तीच होती. चाळीत वाढलेल्या मला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लोकांनी दारू सोडली म्हणून हे पब गेले नाहीत. जुन्या वस्त्या पाडून माणसांना कर्कबीसारख्या लांबच्या वसाहतींत पाठवले गेले, १९७१ मध्ये खुल्या झालेल्या मर्सी नदीखालच्या बोगद्याच्या रस्त्यांनी उरलेली वस्ती चिरली, माल मोठ्या पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून येऊ लागल्यावर गोदीतले हात कमी झाले आणि १९८१ मध्ये लव्ह लेनवरचा साखर कारखानाही बंद पडला.

एका कोपऱ्यावर, खिडक्यांना फळ्या ठोकलेला असा एक पब अजून उभा आहे. त्याच्या दाराची दगडी पायरी मधोमध वाटीसारखी झिजली आहे आणि त्या खोलगट भागात आज पावसाचे पाणी साचले होते.